विलीज स्टेशन वॅगनचा मागचा अ‍ॅक्सल : खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

गाडी विलीज स्टेशन वॅगन, फोर व्हील ड्राइव्ह, चार सिलिंडरचं एफ-हेड (एक झडप वर, एक बाजूला) इंजिन. मालक बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले निवृत्त शिक्षक. गाडी त्यांच्या वडिलांच्या काळापासून घरात आहे. लग्नाला, दवाखान्याला, भाताची पोती आणायला आणि पावसाळ्यात तांबड्या चिखलातून शेतावर जायला तीच. शोभेसाठी झाकून ठेवलेली गाडी नव्हे ही, आणि पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच ठरले.

या वॅगनबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने १९४६ मध्ये ती बाजारात आणली. त्या काळी स्टेशन वॅगनची बॉडी लाकडी असायची, हिची पूर्ण पत्र्याची होती. ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने पत्र्याचे भाग मुद्दाम उथळ आणि सरळसोट ठेवले, कारण महायुद्धानंतर मोटारीच्या बॉड्या दाबून देणारे मोठे कारखाने विलीजला मिळत नव्हते. घरगुती यंत्रांचा पत्रा दाबणाऱ्यांकडूनही काम करून घेता यावं, असा तो हिशेब होता. त्याचा फायदा आपल्याकडे आजही दिसतो. हिचं दार कुजलं तर बेळगावातला साधा डेंटरही नवं दार वाकवून देतो. फोर व्हील ड्राइव्हची वॅगन १९४९ मध्ये आली. यंत्राचा बराचसा भाग जीपचाच, म्हणून लोक हिला लांब जीप म्हणतात. आमच्या प्रकरणात घोळ झाला तो या समजुतीमुळेच. यंत्र जीपचं असलं तरी गाडी जीपपेक्षा रुंद आहे.

तक्रार आणि तपासणी

तक्रार एका ओळीची होती : मागच्या डाव्या ब्रेकमध्ये तेल येतं. गावातल्या गॅरेजमध्ये सील बदललं की दोन-चार महिने बरे जायचे आणि पुन्हा लायनर भिजायचे. मग वेग वाढला की मागून घरघर येऊ लागली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की ती जास्तच. टायर आतल्या कडेने झिजत होते, पण त्या गोष्टीचा तेलाशी संबंध कुणी लावला नव्हता.

सील वारंवार जात असेल तर आधी हाउसिंगवरचा, म्हणजे बाहेरच्या कवचावरचा, श्वासनळीचा छोटा झडपवजा भाग, म्हणजे ब्रीदर, बघावा. चिखलाने तो बुजला की अ‍ॅक्सल तापल्यावर आतली हवा कोंडते आणि सीलवाटे तेल बाहेर ढकलते. खानापूर, जांबोटी भागातल्या निम्म्या जीपांचं दुखणं एवढंच असतं आणि ते सुईने बरं होतं. या गाडीचा ब्रीदर मोकळा होता.

मग मिस्त्रींनी गाडी घोड्यांवर घेतली. मागच्या दोन्ही रिमांमधलं अंतर हबच्या उंचीवर एकदा पुढून मोजलं, एकदा मागून. फरक आला. रीमच वाकडी असेल म्हणून चाक अर्धी फेरी फिरवून पुन्हा मोजलं. फरक तेवढाच आणि त्याच बाजूला. म्हणजे रीम निर्दोष. अ‍ॅक्सलच्या मधल्या ओतीव भागात दोन्ही बाजूंनी नळ्या दाबून बसवलेल्या असतात, त्यातली डावी नळी वाकली होती. नळी वाकली की शाफ्ट सीलच्या मधोमध फिरत नाही, एका ओठावर दाब पडतो. नवं सील टाकलं तरी ते झिजणारच.

"सर, सील बदलून काय उपयोग न्हाई बगा," मिस्त्री म्हणाले. "नळीच वाकडी हाय, त्येला सील काय करणार?"

मागचं झाकण उघडून तेल काढलं तेव्हा तळाशी पोलादाच्या खपल्या निघाल्या. पिनियनच्या, म्हणजे इंजिनाकडून येणारी गती मोठ्या क्राउन चाकाला देणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, दोन दातांचे कोपरे उडाले होते. इथपर्यंत हाउसिंग प्रेसवर सरळ करून, क्राउन-पिनियन बदलून भागलं असतं. पण पिनियनच्या पुढच्या बेरिंगची वाटी हाताने सरकत होती. तिने आपल्या भोकात फिरून फिरून भोक मोठं करून ठेवलं होतं. वाटी घट्ट बसत नसेल तर पिनियन जागेवर राहत नाही आणि कितीही चांगले दात टाकले तरी ते खातातच. स्लीव्ह बसवून भोक मूळ मापावर आणता येतं, पण वाकलेली नळी आणि गेलेलं भोक असे दोन दोष एकाच हाउसिंगमध्ये दुरुस्त करण्यापेक्षा दुसरं हाउसिंग शोधावं, असं माझं मत पडलं. मालकांना ते आवडलं नाही. वडिलांच्या गाडीचा मूळ भाग जातोय, ही त्यांची बोच होती आणि ती खोटी नव्हती.

कुठला अ‍ॅक्सल?

बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडच्या भंगारात जीपचे मागचे अ‍ॅक्सल अजूनही मिळतात. या भागात वर्षानुवर्षं वडापच्या (माणशी भाडं घेणाऱ्या) जीपा धावल्या. त्या मोडीत निघाल्या तरी त्यांचे अ‍ॅक्सल उरले. मालकांनी फोनाफोनी करून एक ठरवूनही टाकला होता. "जीपचाच आहे की, बसणार की," असं सगळ्यांनी सांगितलेलं.

पण बसत नव्हता. जुन्या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर ४८-४९ इंच, तर वॅगनचं ५७ इंच. म्हणजे एका बाजूला चार-चार इंच कमी. चाकं आत जातात, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) जागा जुळत नाहीत, बॉडी मागून लुळी दिसते. "स्पेसर लावूया की," अशी सूचना लगेच आली. स्पेसर म्हणजे चाक आणि हबमध्ये घालायची जाड चकती. चार इंचांचा स्पेसर लावणं म्हणजे चाकाचा भार बेरिंगच्या बाहेर चार इंचांवर लोंबत ठेवणं. या अ‍ॅक्सलच्या शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, हब त्यावर चावी (खाचेत बसणारा पोलादी तुकडा) घालून नटाने आवळलेला असतो. तिथे असा तरफेचा ताण द्यायचा आणि वर पोती भरून चोर्ला रस्त्याला जायचं, याला मी कधीच हो म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना पटकन दिसत नाही. या गाड्यांचा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागच्या प्रोपेलर शाफ्टला उजव्या अंगाने बाहेर काढतो. म्हणून मागचा गोळा (डिफरन्शियल) मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो आणि डावा शाफ्ट लांब, उजवा आखूड असतो. टू व्हील ड्राइव्ह वॅगनचा गोळा मधोमध असतो. तसा अ‍ॅक्सल रुंदीला जुळला असता तरी प्रोपेलर तिरपा गेला असता.

शेवटी मिळाला तो एका जुन्या महिंद्रा एफसीचा, म्हणजे ज्या ट्रकला पुढे नाक नाही, ड्रायव्हर इंजिनच्या वर बसतो तो. एफसीच्या सगळ्या अ‍ॅक्सलांची रुंदी सारखी नसते, म्हणून पैसे द्यायच्या आधी टेप लावला. ५७ इंच भरलं. गोळा उजवीकडे. मधल्या ओतकामाच्या बरगडीवर ४४ चा आकडा, मागच्या झाकणाला दहा बोल्ट, म्हणजे डाना कंपनीच्या ४४ जातीचा. नळ्या सरळ, बेरिंगच्या वाट्या घट्ट. पाट्यांच्या बैठका मात्र वॅगनला जुळत नव्हत्या. ते काम आपल्या हातातलं होतं.

इथे भंगारवाल्याकडून पावती घेतली. सीमाभागात माल रोज इकडून तिकडे जातो, सीमेवरच्या कोगनोळीला कुणी टेम्पो थांबवला तर सामान कुठून आणलं हे दाखवायला कागद असलेला बरा.

दातांचा हिशेब

एफसीच्या अ‍ॅक्सलमध्ये दात मोजले : क्राउनला ३९, पिनियनला ८. म्हणजे ४.८८. वॅगनच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं झाकण उघडून मोजले : ४३ आणि ८, म्हणजे ५.३८.

टू व्हील ड्राइव्ह गाडी असती तर हा फरक चालला असता, उलट हायवेला इंजिन थोडं निवांत फिरलं असतं. फोर व्हील ड्राइव्हला चालत नाही. या गाडीच्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढच्या-मागच्या प्रोपेलरांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय नाही. लिव्हर ओढला की दोन्ही एकत्र बांधले जातात. प्रोपेलरच्या ४३ फेऱ्यांत पुढची चाकं आठ फेऱ्या करणार आणि मागची जवळजवळ पावणेनऊ. जमीन एकच असताना हे कसं जमणार? चिखलात टायर घसरून वेळ निभावते. कडक जमिनीवर सगळा पीळ गिअरमध्ये साठत जातो आणि त्यातलं जे सगळ्यात कच्चं ते तुटतं.

ही तपासणी झाकण न उघडताही करता येते. ट्रान्स्फर केस टू व्हीलवर ठेवायचा, गिअर न्यूट्रल. पुढे फ्री-व्हीलिंग हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते लॉक करायचे. दोन्ही प्रोपेलरांवर आणि एका चाकावर खडूची खूण करायची आणि गाडी सरळ ढकलायची. चाकाच्या आठ फेऱ्यांना प्रोपेलरच्या ४३ झाल्या तर ५.३८, ३९ झाल्या तर ४.८८. ढकलायला चार माणसं आणि मोजायला दोन पोरं लागतात. जुनी फोर व्हील ड्राइव्ह विकत घेणाऱ्याने तर सौद्याआधीच हे करावं. मागचा अ‍ॅक्सल कुणीतरी कधीतरी बदललेला असतो आणि विकणाऱ्यालाच ते माहीत नसतं.

उपाय सापडला तो मालकांनी आधी ठरवलेल्या त्या अरुंद जीपच्या अ‍ॅक्सलमध्येच. तो ५.३८ चा होता आणि तोही डाना ४४. त्याची नळी आपल्या कामाची नव्हती, पण आतला गोळा होता. म्हणून हाउसिंग आणि शाफ्ट एफसीचे, क्राउन-पिनियन आणि त्याचा पिंजरा (क्राउन ज्यावर बसतो तो) जीपचा, हब आणि ड्रम वॅगनचे स्वतःचे. शाफ्टच्या आतल्या टोकाचे दातेही मोजून घ्यावे लागतात. जुन्या शाफ्टला १० असतात, नंतरच्यांना १९. वॅगनचे १० चे निघाले, एफसीचे १९ चे. जीपचा पिंजराही १९ चा, म्हणून जमलं. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून बसवलेले असतात. एकाचा क्राउन, दुसऱ्याचा पिनियन असं कधीच करू नये, दोन्हीवर ४३ आणि ८ असले तरीही.

बैठका

उद्यमबागेत लांब बेडचा लेथ असलेल्या अण्णांकडे हाउसिंग नेलं. बेळगावात ओतकाम, मशिनिंग आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत म्हणून हे प्रकरण गावाबाहेर गेलं नाही. या कामाची मजुरी भंगारात वजनावर घेतलेल्या अ‍ॅक्सलच्या किमतीपेक्षा जास्त झाली आणि ती तशी होणं योग्यच होतं.

जुन्या बैठका ग्राइंडरने कापल्या. नळीला गॅसकटर लावू दिला नाही. नवीन जागी टाकायच्या आधी कोन ठरवायचा होता. पिनियन वर किती बघतो, यावर प्रोपेलरचे दोन्ही क्रॉस (वाकते सांधे) सुखाने फिरतात की थरथरतात हे ठरतं. नियम असा की ट्रान्स्फर केसचा बाहेर येणारा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. म्हणजे पुढच्या क्रॉसने जो झटका दिला तो मागचा क्रॉस काढून घेतो. पाट्यांवरच्या अ‍ॅक्सलला जोर लागला की पिनियन नाक वर उचलतो, म्हणून उभ्या गाडीत तो अंशभर खाली ठेवला.

हे सगळं गाडी आपल्या वजनावर, पाट्यांवर बसलेली असताना. चेसिस घोडीवर आणि पाटे लोंबकळत असताना कोन घेतला तर तो गाडी खाली उतरताच बदलतो. गावोगावच्या गॅरेजांत हीच घाई होते. बैठका यू-बोल्टने सैल आवळल्या, हाउसिंग फिरवून कोन जुळवला, खुणा केल्या, बारीक टाके मारले आणि हाउसिंग पुन्हा बाहेर काढलं.

पक्कं वेल्डिंग ७०१८ (कमी हायड्रोजनच्या) रॉडने, रॉड भट्टीत सुकवून. एका बैठकीवर इंचभर, मग दुसऱ्या बैठकीवर इंचभर, मग नळीच्या उलट्या अंगाला. मधल्या ओतीव भागाला रॉड लावला नाही. बेरिंग आणि सील आधीच काढलेली होती. अर्थिंगचा चिमटा नळीवरच. पाणी मारून थंड करण्याचा मोह आवरला आणि हाउसिंग रात्रभर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दोन्ही टोकांच्या बेरिंगच्या जागी बसतील अशा चकत्या कातल्या आणि त्यांतून ग्राइंड केलेला सरळ बार आरपार घातला. नळी सरळ असेल तर बार बोटाने फिरतो. फिरला, पण एका जागी अडखळला. वेल्डच्या ओढीने डावी नळी किंचित वर आली होती. वेल्डच्या उलट बाजूला गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल करून थंड होऊ दिला. धातू आखडला आणि नळी परत आली. असे ठिपके मारत बार मोकळा होईपर्यंत गेलो. हे बघताना मालक म्हणाले, "अण्णा, तुम्ही आग लावून सरळ करताय आणि मी आजवर हातोड्याने सरळ करणारेच बघितलेत." अण्णा हसले नाहीत, त्यांचं लक्ष बारवर होतं.

जोडणी

गोळा बसवणं हे सगळ्यात सावकाश करायचं काम. आधी पिनियन किती आत बसतो ते शिमने (पातळ चकत्यांनी) ठरवायचं, मग बेरिंगचा ताण, मग पिंजरा डावी-उजवीकडे सरकवून क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक. ती डायल गेजने सात थाऊ (इंचाचे हजारांश) आली. दातांवर शेंदूर तेलात कालवून लावला आणि हाताने फिरवून ठसा बघितला. ठसा दाताच्या मधोमध पडेपर्यंत शिमांची अदलाबदल. पहिला ठसा मुळाकडे उतरला होता, म्हणजे पिनियन जास्त आत गेलेला. एक पातळ शिम काढली. शेंदरात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय चहाला बसू नये. गॅरेजातली पोरं हे ऐकत नाहीत.

शाफ्टची लांबीतली हालचाल बॅकप्लेटमागच्या शिमांनी ठरते, तीही काही थाऊंचीच. शिम विसरून प्लेट आवळली तर बेरिंग जळतं. आतलं सील गोळ्याचं तेल अडवतं, बेरिंगला ग्रीस वेगळं भरावं लागतं. हब चढवण्याआधी निमुळत्या टोकावर निळा रंग लावून तो सगळीकडे टेकतो का बघितलं. टेकला. हबचा नट १५० फूट-पौंडाला आवळला. कॉटर पिनचं भोक समोर येत नसेल तर नट आणखी आवळायचा, सैल करायचा नाही. सैल केला तर हब चावीवर हलतो, चावी कापली जाते आणि चाक जागच्या जागी राहून शाफ्ट एकटाच फिरतो. या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकाचे बोल्ट उलट्या आट्याचे असू शकतात. आमच्या वॅगनचे होते. हे ठाऊक नसलेल्या एखाद्या जोरदार पोराने पाइप घालून ते तोडलेले मी पाहिले आहेत.

ब्रेकचे पाइप आणि लायनर नवे टाकले, तेलात भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरत नाहीत. एसएई ९० हायपॉइड तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत. यू-बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, वजन घेऊनच शेवटचे आवळले.

कागदपत्रांचा प्रश्न मालकांनी दोनदा काढला. चेसिस आणि इंजिन क्रमांकाला हात लागलेला नव्हता, जातीचाच अ‍ॅक्सल त्याच रुंदीचा बसवला होता. मात्र २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणलेली व्हिंटेज नोंदणी घ्यायचा त्यांचा विचार होता, त्यावर मी वेगळं बोललो. ती नोंदणी मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी आहे आणि घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. ज्यांना भाताची पोती आणायची आहेत त्यांनी ती घेऊन करायचं काय? त्यांनी नेहमीची नोंदणीच पुढे चालू ठेवली.

रस्त्यावर

पहिली फेरी खानापूरपर्यंत, हळू, मागे कुणी न बसता. परत आल्यावर हब आणि गोळ्याला हात लावून बघितलं : कोमट, दोन्ही बाजू सारख्या. हबचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळले, यू-बोल्टनी जराशी जागा घेतली होती. दुसरी फेरी जांबोटीच्या चढाला, माणसं भरून. फोर व्हील लावून बघितलं ते शेताच्या ओल्या बांधावर. डांबरी रस्त्यावर मुद्दामच नाही, कारण दातांचा हिशेब जुळलेला असला तरी वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर तोडत नाहीत.

डाव्या ब्रेकमध्ये एक पूर्ण पावसाळा जाऊनही तेल आलेलं नाही. टायरची आतली झीज थांबली. घरघर मात्र पूर्ण गेली नाही. चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडला की बारीक हुंकार येतो. क्राउन-पिनियन दुसऱ्या गाडीत आयुष्य काढून आलेले आहेत, ठसा चांगला असला तरी ॲक्सिलरेटर सोडल्यावर भार घेणाऱ्या बाजूची झीज शिमने भरून येत नाही. नवी जोडी टाकली तर जाईल. मालकांना विचारलं तर म्हणाले, "मला आता ऐकू कमीच येतं, राहू दे." जुनं हाउसिंग त्यांनी भंगारात दिलेलं नाही. बेरिंगच्या भोकाला स्लीव्ह घालून ते सरळ करायचं काम अण्णांकडे नोंदवलं आहे. पुढच्या अ‍ॅक्सलची सील त्याआधी, मिरगाच्या अगोदर उघडायची आहेत.